स्लो कुकर : मध्येच लाइट गेली तर?
स्लो कुकरमध्ये प्रेशर नसतं. चिनी मातीच्या भांड्याभोवतीची कॉइल मंद तापते, ८-१० तासांत मांसातलं चिवट कोलॅजेन विरघळून जिलेटिन बनतं. २०१५ पासून राज्यात बैलाचंही मांस बंद आहे, म्हणून भिवंडीत मी म्हशीचंच वापरतो. मीठ मुरवलेलं असेल तर आधी धुऊन घ्या. बटाटा-गाजर उशिरा शिजतं, ते तळाशी. कोबी शेवटच्या तासाला.

नॉबवालं मॉडेल लाइट आली की आपोआप सुरू होतं, त्यामुळे मधला खंड कळतच नाही. ५ ते ६० अंशांत जिवाणू झपाट्याने वाढतात. घरी असाल तर मांस लगेच गॅसवर शिजवा. बाहेर असताना लाइट गेली होती असं कळलं, तर वास चांगला असला तरी सरळ टाकून द्या.