तुतारी की पिपाणी?

१९९९ पासून आपल्याकडे घड्याळ म्हणजे साहेब. २०२४ च्या फेब्रुवारीत आयोगाने घड्याळ अजितदादांना दिलं, साहेबांना मिळाला 'तुतारी वाजवणारा माणूस'. ७ मेचं मतदान अडीच महिन्यांवर. बारामती-इंदापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर नुसती तुतारी! पण मशीनवर एका अपक्षासमोर पिपाणीचं चित्र होतं, अन् आयोगाच्या यादीत तिचंही मराठी नाव तुतारीच. त्याला सुमारे १५ हजार मतं पडली. सगळी चुकून पडली असं नाही, पण मतदाराला अडाणी म्हणू नका. प्रचारात नाव घरोघरी गेलं, चित्र नीट पोचलं नाही. सुप्रियाताई दीड लाखावर मतांनी आल्या, म्हणून इथे निभावलं. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२ हजारांवर मतांनी पडले. तिथल्या पिपाणीला ३७ हजार होती.