शारदेच्या मागावर अकोलकर

घरातली बाई परक्या आवाजात बोलू लागली की आपल्याकडे वाटा दोनच : देवऋषी, नाहीतर डॉक्टर. वही घेऊन शेजारी बसणारा माणूस विरळा. मानसशास्त्रज्ञ डॉ. व्ही. व्ही. अकोलकर हे अशांपैकी एक. आज परामानसशास्त्राची चेष्टा करणाऱ्यांना ते ठाऊक नाहीत, आणि भक्तांनाही नाहीत.

१९७४ च्या सुमारास नागपूरच्या एक मराठी प्राध्यापिका अधूनमधून बंगालीत बोलू लागल्या. अशा वेळी त्या स्वतःला शारदा म्हणवत. त्या शारदेला मराठी कळत नसे, पंख्याचे नवल वाटे, आणि साप चावल्यापर्यंतचेच आठवे. तिचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. ती बहुधा अष्टमीला येई. कधी एखादा दिवस, कधी कित्येक आठवडे राही.

इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी १९८० मध्ये या प्रकरणाचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. शारदेने सांगितलेली माहेरच्या पुरुषांची नावे बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीशी जुळली. पण त्या वंशावळीत बायकांची नावे नव्हती. पुरावा जिथे हवा, नेमका तिथेच कागद कोरा!

अकोलकरांनी शारदेइतकीच चौकशी प्राध्यापिकेचीही केली. बालपण, आजारपणे, मनाला लागलेल्या गोष्टी, बंगालबद्दलची जुनी ओढ, सगळे त्यांनी विचारले. त्यांचा दीर्घ निबंध अमेरिकन सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या नियतकालिकात १९९२ मध्ये आला. त्यांचा स्वतःचा कल पुनर्जन्माकडे होता.

मला तो निष्कर्ष पटत नाही. बाईंनी शाळकरी वयात मैत्रीच्या नात्यातून बंगाली अक्षरे गिरवली होती. अक्षरओळख म्हणजे संभाषण नव्हे, हे खरे; बाराखडी शिकून कोणी भांडू शकत नाही. पण भाषेची इतकी ओढ असलेले मन नकळत किती साठवते, हे मोजणार कसे? ‘अंगात आले’ म्हणून हात जोडणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, आणि ‘ढोंग’ म्हणून उठून जाणाऱ्यालाही नाही.

२००३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ स्टीफन ब्राउडी यांनी याच प्रकरणाचा उलट अर्थ लावला : दुभंगलेल्या मनाने, आपल्याच अपुऱ्या इच्छांमधून घडवलेली शारदा. त्यासाठी त्यांना बाईंच्या मनाचे जे तपशील लागले, त्यांतले कितीतरी अकोलकरांच्याच निबंधातले होते.