लिंग सहा-ध्वनी चाचणी

लिंग सहा-ध्वनी चाचणी ही श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्या बालकाला बोलण्यातील ध्वनी कितपत ऐकू येतात, हे पडताळण्याची सोपी पद्धत आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही; त्यामुळे पालक व शिक्षक ती दररोज घेऊ शकतात.

इतिहास
ही चाचणी कॅनडात अध्यापन व संशोधन केलेले श्रवण-वाक् शिक्षणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. कर्णबधिर बालकांच्या वाचाशिक्षणावरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी चाचणीत पाच ध्वनी होते. ‘म्’ची भर नंतर पडली.

ध्वनींची निवड
म्, ऊ, आ, ई, श् आणि स् हे ते सहा ध्वनी होत. बोलण्यातील नीच ते उच्च वारंवारतेचा पट्टा ते व्यापतात. ‘म्’ची ऊर्जा मुख्यतः २५० हर्ट्झच्या आसपास, तर ‘स्’ची साधारणपणे ४००० हर्ट्झच्या पुढे असते. हे सर्व ध्वनी मराठीत असल्याने चाचणी मराठी भाषक बालकांसाठीही जशीच्या तशी वापरता येते.

पद्धती
ओठांच्या हालचाली दिसू नयेत म्हणून परीक्षक बालकाच्या बाजूला किंवा मागे बसतो. नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत आणि मध्ये कमीअधिक विराम घेत ध्वनी उच्चारले जातात. लहान मूल ध्वनी ऐकताच ठोकळा टोपलीत टाकते. मोठे मूल तो उच्चारून दाखवते. प्रत्येक कान स्वतंत्रपणे आणि निरनिराळ्या अंतरांवरून तपासतात.

निष्कर्षांचा अर्थ
काल ऐकू आलेला ध्वनी आज ऐकू न आल्यास प्रथम बॅटरी, नळी व कानातील साचा तपासावा. दोष तेथे नसल्यास श्रवणतज्ज्ञाकडे जावे. ‘ई’ऐवजी ‘ऊ’ ऐकू येणे हे उच्च वारंवारता नीट पोहोचत नसल्याचे लक्षण असू शकते. कारण या दोन स्वरांचे नीच वारंवारतेचे घटक जवळजवळ सारखे असतात.

मराठीत ‘स्’ न ऐकू येण्याचा परिणाम व्याकरणावरही होतो. ‘तू आलास’ आणि ‘तो आला’ या वाक्यांतील क्रियापदांचा भेद अंत्य ‘स’वर अवलंबून आहे. तो कानी न पडल्यास बालकाची भाषा अपुरी राहते आणि ही उणीव बुद्धीची आहे, असा चुकीचा समज होऊ शकतो.

मर्यादा
नॉर्मन अर्बर यांनी श्रवणकौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: ध्वनीची जाणीव, भेद ओळखणे, ध्वनी ओळखणे आणि आकलन. ही चाचणी मुख्यतः पहिली व तिसरी पायरी तपासते. गोंगाटातील श्रवण किंवा वाक्याचे आकलन तिच्यातून कळत नाही. त्यामुळे ती श्रवणालेखाला पर्याय नाही, तर दोन तपासण्यांच्या मधल्या काळातील दक्षता आहे.