‘राजपूत’ : एका विनाशिकेची कुळकथा

विनाशिका हा जहाजांचा प्रकार जन्मला तो पाणतीरांच्या धास्तीतून. लहान, चपळ पाणतीर-नौका मोठाल्या चिलखती जहाजांचा घास घेऊ शकतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळून चुकले होते. त्यांची शिकार करण्यासाठी ब्रिटिश आरमाराने १८९३ मध्ये ‘हॅवॉक’ पाण्यात उतरवली. पुढे पाणबुड्या आल्या, विमाने आली आणि प्रत्येक नव्या शत्रूचा बंदोबस्त याच जहाजाच्या गळ्यात पडत गेला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सवड उरली नव्हती. आठ तोफांच्या भारी ‘ट्रायबल’ विनाशिका बांधायला फार खर्च आणि फार वेळ लागे. तातडीच्या बांधणीसाठी हाताशी होता तो ‘जे’ वर्गाचा सांगाडा. ए. पी. कोल या नौका-अभियंत्याने त्यात दोन धाडसे केली होती. तीनऐवजी दोनच बॉयलर आणि एकच धुराडे ठेवले, त्यामुळे जहाज आटोपशीर झाले. पण दोन्ही बॉयलर-खोल्या शेजारी आल्याने एका तडाख्यात दोन्ही बुडण्याचा धोका पत्करावा लागला. दुसरे धाडस मला अधिक मोलाचे वाटते. जहाजाच्या मुख्य फासळ्या आडव्या न घालता त्याने नाळेपासून पिछाडीपर्यंत लांबीच्या दिशेने घातल्या. त्याने मिळालेल्या बळकटीची कसोटी लवकरच लागली. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये ‘जॅव्हेलिन’ या ‘जे’ विनाशिकेला दोन पाणतीर लागले, नाळ गेली, पिछाडीही गेली. तरीही उरलेला मधला भाग तरंगत राहिला. तो ओढून बंदरात आणला आणि दुरुस्तीनंतर ती पुन्हा लढायला गेली.

‘आर’ वर्ग याच सांगाड्यावर उभा राहिला. त्यात ४.७ इंची चार तोफा आणि पाणतीर सोडणाऱ्या आठ नळ्या होत्या, वेग सुमारे ३६ नॉट. तोफा ४० अंशांपलीकडे वर उचलल्या जात नसत. सूर मारून येणाऱ्या विमानापुढे त्यांचा फारसा उपयोग नव्हता. ते काम लहान विमानविरोधी तोफांवर सोपवले होते. एक बदल मात्र माणसांसाठी झाला. पूर्वापार पिछाडीला असलेल्या अधिकाऱ्यांच्या खोल्या जहाजाच्या मध्यभागी आल्या. वादळात ब्रिजवर जायचे म्हणजे लाटांनी धुतला जाणारा उघडा डेक ओलांडायचा, हा जिवावरचा प्रकार त्यामुळे संपला.

या वर्गाची अग्रणी ‘रॉदरहॅम’ क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधली गेली आणि १९४२ मध्ये आरमारात दाखल झाली. हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्यात तिने काम केले. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून ताब्यात घेतला गेला तेव्हा ती तिथे होती. तळाच्या एका दरवाजाला पुढे तिचेच नाव मिळाले.

१९४९ मध्ये ती भारताकडे आली आणि ‘राजपूत’ झाली. तिच्या दोन बहिणी, ‘रीडाउट’ आणि ‘रेडर’, अनुक्रमे ‘रणजित’ आणि ‘राणा’ झाल्या. तरुण नौदलाच्या कितीतरी अधिकाऱ्यांना विनाशिका चालवण्याचे शिक्षण या तिघींवर मिळाले. १९६१ च्या गोवामुक्तीत विमानवाहू ‘विक्रांत’भोवतीच्या ताफ्यात ‘राजपूत’ होती.

दहा वर्षांनी पुन्हा तिची गाठ ‘विक्रांत’शी पडली, पण या वेळी निराळ्या नात्याने. भारत-पाक युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी १४ नोव्हेंबर १९७१ ला कराचीहून निघाली ती ‘विक्रांत’च्या शोधात. ‘विक्रांत’ अंदमानात दडवलेली होती. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी जुन्या ‘राजपूत’ला तिचे सोंग घ्यायला लावले. ती विशाखापट्टणमच्या समुद्रात फिरून विमानवाहू जहाजाला शोभेल एवढे बिनतारी संदेश पाठवू लागली. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली ‘राजपूत’ बंदराबाहेर पडताना पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली, डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बाँब) टाकले गेले. थोड्याच वेळात मोठा स्फोट झाला. ‘गाझी’तला एकही माणूस वाचला नाही.

भारतीय नौदल हे श्रेय ‘राजपूत’ला देते. पाकिस्तानच्या मते पाणबुडी स्वतःच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने बुडाली. हा वाद चालू राहील. माझ्या लेखी ‘राजपूत’चा निर्विवाद पराक्रम त्या डेप्थ चार्जच्या आधीचा आहे. निवृत्तीला टेकलेले, तीस वर्षांचे जहाज आणि त्यावरची माणसे जाणूनबुजून आमिष होऊन समुद्रात फिरली. शत्रूने हे सोंग खरे मानावे, म्हणजेच आपल्यावर पाणतीर सोडावेत, यातच त्यांच्या कामगिरीचे यश होते. लढाईच्या वर्णनांत या दिवसांना दोन ओळी मिळतात, याची मला खंत वाटते.

१९७६ मध्ये ती सेवेतून गेली आणि भंगारात निघाली. १९८० मध्ये सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेला ‘राजपूत’ हे नाव देण्यात आले. ती विशाखापट्टणमच्या गोदीत २१ मे २०२१ रोजी निवृत्त झाली.