गुलगीर : एका शब्दाचा अर्थ व मूळ

जुन्या वस्तूंच्या संग्रहांत कधीं कधीं एक पितळी अवजार आढळतें. घडण कात्रीची, परंतु एका पात्यावर लहानशी डबी बसविलेली. शेजारच्या चिठ्ठीवर बहुधा "मेणबत्ती विझविण्याची कात्री" असें लिहिलेलें असतें. प्रस्तुत लेखकानेंही एका खासगी संग्रहाची यादी करतांना हीच नोंद केली होती, व ती चुकीची होती. या अवजारास फारसींत गुलगीर किंवा गुलतराश म्हणतात, आणि त्याचें खरें काम या नांवांतच सांगितलेलें आहे.

"तराश" हें पद हस्तलिखितें हाताळणारांस परकें नाहीं. बोरू तासावयाची सुरी ती कलमतराश. दगड घडविणारा तो संगतराश. "गीर" म्हणजे घेणारा, धरणारा. आलमगीर, दस्तगीर यांत तो उघड दिसतो; आपल्या जहागिरींत तो दडून बसला आहे. राहिला "गुल". त्याचा मूळ अर्थ फूल, विशेषतः गुलाबाचें. परंतु वातीच्या जळलेल्या टोंकासही तोच शब्द लावतात. तें टोंक लाल होऊन फुलल्यासारखें दिसतें, हें त्याचें कारण असावें. आपण त्यालाच काजळी म्हणतों. फारसी बोलणारास जेथें फूल दिसलें, तेथें आपल्या पूर्वजांस काजळ दिसलें!

तेव्हां गुलगीर म्हणजे काजळी खुडणारा, ज्योत मारणारा नव्हे. चरबीच्या मेणबत्तींतील पीळ दिलेली सुती वात पुरती जळून जात नसे. टोंक लांबत जाई, ज्योत धुरकट होई, चरबी ओघळूं लागे. म्हणून वरचेवर टोंक कापावें लागे, आणि कापलेला निखारा बैठकीवर पडूं नये म्हणून ती डबी. केवळ विझवावयाचें असतें तर डबीचें प्रयोजनच काय? त्या कामास धातूची उपडी टोपी पुरते. ख्रिस्ती देवळांत ती लांब दांडीला बसविलेली असते.

मग "गुल करणें" म्हणजे विझविणें, हा अर्थ कोठून आला? हिंदुस्थानींत तो रूढ आहे, आणि दिवे गेले कीं "बत्ती गुल" असें आपणही म्हणतों. कोणी म्हणेल कीं, हें अशुभ टाळण्याचें बोलणें आहे; आपण बांगडी फुटली न म्हणतां वाढवली म्हणतों आणि दिवा विझवीत नाहीं, मालवतों, तसेंच हें. हा तर्क टाकाऊ नाहीं. तथापि इंग्रजी "स्नफ" या शब्दाचा इतिहास मला अधिक बोलका वाटतो. त्याचाही मूळ अर्थ वातीचें जळकें टोंक. पुढें तें कापणें. आणि शेवटीं ज्योत विझविणें. दोन दूरच्या भाषांत शब्द एकाच वाटेनें घसरला, याचें कारण हातांत शोधावें. कात्री थोडी खालीं लागली कीं काजळीबरोबर ज्योतही जात असे.

1825 च्या सुमारास फ्रान्समध्यें कांबासेरेस यानें वेणीसारखी विणलेली वात काढली. ती जळतांना वांकून ज्योतीच्या कडेला येते व आपोआप भस्म होते. कात्रीचें काम संपलें. वस्तु उरली, उपयोग विसरला गेला, आणि विझविण्याचा अर्थ तिला येऊन चिकटला.

संग्राहकांनीं म्हणून डबीची कात्री व उपडी टोपी यांची नोंद वेगळी ठेवावी. जुन्या यादींत "गुलगीर" हा शब्द आला तर त्याचा अर्थ "विझवणी" असा न देतां तसाच ठेवणें बरें. समईची वात सारावयास व काजळी झाडावयास लहानशी काडी पुरते. ज्या घरच्या सामानांत शमादानाजवळ गुलगीर नोंदलेला आहे, तेथें रात्रीं मेणबत्त्या जळत असत, आणि त्यांच्याजवळ कोणाला तरी जागत बसावें लागत असे, एवढें अनुमान त्या एका शब्दावरून निघतें.