फटफटीची मूठ : वणीच्या थंडीच्या निमित्ताने एक तंत्रेतिहासविषयक टिपण

वणीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे साधनांचा तुटवडा नाही. राष्ट्रकूट नृपती तिसरा गोविंद याचा शके ७३० चा ताम्रपट वणी-दिंडोरीच्या नावानेच प्रसिद्ध आहे. तो मयूरखंडीहून दिला गेला, आणि ही मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगीसमोरचा मार्किंड्याचा किल्ला असावा असे अनेकांनी मानले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीला याच टापूत अडवून मोडले. ताम्रपटाचे वाचन झाले, लढाईचीही पुरेशी चर्चा झाली. परंतु गेल्या साठसत्तर वर्षांत याच वाटेने दूध, भाजी, द्राक्षांच्या बागेला लागणारी औषधे आणि गडावरचे नवस ज्या वाहनाने वाहिले, त्या मोटारसायकलीसंबंधी इतिहासाच्या अभ्यासकांनी फारशी जिज्ञासा दाखविलेली नाही. प्रस्तुत टिपणात त्या वाहनाच्या एकाच अवयवाचा, म्हणजे मुठीचा, विचार करावयाचा आहे. आणि तोही एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने. ज्या मोटारसायकलीची थ्रॉटलची नळी, तार व ड्रम हे भाग कारखान्याचे नसून बाजारातून आणून बसविलेले आहेत, तिच्यावर विजेने तापणाऱ्या मुठी बसविताना नेमके काय घडते?

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही याचे पहिले कारण हवामान. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातील थंडी महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. काही हिवाळ्यांत निफाडचा पारा ५ अंशांखाली गेला आहे, आणि अशा रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून मण्यांना जपावे लागते. द्राक्षाला शेकोटी मिळते. पहाटे नाशिकच्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाच्या बोटांना मात्र वारा मिळतो. सिपल आणि पॅसेल यांनी अंटार्क्टिकात केलेले वाऱ्याच्या गारठ्यासंबंधीचे संशोधन १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच परंपरेतील २००१ चे सुधारित सूत्र वापरल्यास ८ अंश तपमानात ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला सुमारे २ अंशांचा गारठा जाणवतो. तपमान ५ अंश असेल, तर तोच गारठा शून्याच्याही खाली उतरतो. या वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. बधिर बोटांनी ब्रेक दाबावयास एक सेकंद उशीर झाला, तर तेवढे अंतर हकनाक कापले जाते. नांदुरीहून गडावर चढणाऱ्या घाटात, वळणावर, १७ मीटर म्हणजे काय हे सांगणे नको.

आता मुठीकडे वळू. उजवी मूठ पिळली की इंजिन गती घेते, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती अनादी वाटते. तशी ती नाही. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर याने १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनविलेल्या वाफेच्या दुचाकीवर हँडल फिरवून नियंत्रण करण्याची योजना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्लेन कर्टिस आणि इंडियन कंपनी यांनी फिरत्या मुठी वापरल्या. इंडियनच्या गाड्यांवर एका मुठीने इंधन आणि दुसरीने ठिणगीची वेळ साधली जाई. म्हणजे तेथे डावा हातही स्थिर नव्हता. ब्रिटिश कारखानदारांनी मात्र दीर्घकाळ हँडलवरील लहान तरफांवरच भिस्त ठेविली. पहिल्या महायुद्धात निरोप्यांनी चालविलेली ट्रायम्फची मॉडेल एच घेतली तरी तीवर इंधनाची व हवेची अशा तरफाच दिसतील. ब्रिटनमध्ये फिरती मूठ सार्वत्रिक झाली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. तिला कार्बोरेटरशी जोडणारी आवरणातली तार बाउडेन याच्या नावाने ओळखली जाते. त्याचे पेटंट १८९६ चे.

फिरत्या मुठीचे दोन घराणी भेद आहेत आणि ते आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. एका प्रकारात मुठीखालच्या नळीला नागमोडी खाच असते. मूठ फिरली की त्या खाचेतला सरकता तुकडा दांड्याच्या पोटात मागेपुढे होतो, आणि तारही दांड्याच्या आतूनच जाते. हार्ले-डेव्हिडसनने ही रचना अनेक दशके चालविली. दुसऱ्या प्रकारात नळीच्या टोकाला ड्रम असतो आणि तार त्यावर गुंडाळली जाते. आपल्याकडील बहुतेक गाड्या या दुसऱ्या घराण्यातल्या.

भारतात हे यंत्र घरचे झाले ते स्वातंत्र्यानंतर. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची बुलेट सुरू झाली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा, १९६२ मध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत. राजदूतने खेडोपाडी दुधाच्या कॅन वाहिल्या हे सर्वांनी पाहिलेले आहे. महाराष्ट्राचे वैशिष्ट्य निराळेच. आकुर्डीच्या बजाज कारखान्याचा १९७२ चा चेतक आणि पुढे ग्रामीण भागात अतोनात खपलेली एम-८० या दोहोंत डावी मूठ फिरवून गिअर बदलावा लागे. उजव्या हाताने रेस, डाव्याने गिअर; दोन्ही मुठी फिरत्या. अशा गाडीवर तापणारी मूठ बसविणे म्हणजे दोन्ही बाजूंना हलती वायर सांभाळणे, आणि तो उपद्व्याप सहसा कोणी केला नसावा. शिवाय जुन्या जावा-राजदूतची वीज ६ व्होल्टची. दिवा आणि हॉर्न यांचीच तीत ओढाताण होई. हात शेकण्याला उरणार काय? थंडीवर उपाय होता तो हातमोजे, मफलर आणि कानटोपी एवढाच.

तापणारी मूठ ही मुळात थंड देशांची गरज. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या साइडकारयुक्त गाड्यांना धुराड्याच्या वायूची ऊब हातापायांशी आणून देणारी हिवाळी सामग्री मिळत असे. विजेची मूठ त्यापेक्षा सुटसुटीत. तिच्या रबराखाली विरोधक तार किंवा पातळ पत्रा असतो. जूलने १८४० च्या दशकात सांगितलेल्या नियमाप्रमाणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तेथे उष्णता निर्माण होते. १२ व्होल्टच्या गाडीवर अशी जोडी पूर्ण तापली असता साधारणतः ३ ते ४ अँपिअर घेते, म्हणजे ३६ ते ४८ वॅट. शंभर सी.सी.च्या नित्याच्या गाडीचा मुख्य दिवा ३५ वॅटचा असतो हे ध्यानात घेतले म्हणजे हा भार केवढा ते कळते. हा एक जादा मुख्य दिवाच होय. म्हणून वीज थेट बॅटरीहून न घेता, किल्ली फिरविल्यावरच चालू होणाऱ्या रिलेमधून आणि योग्य क्षमतेच्या फ्यूजमधून घ्यावी लागते. एरव्ही रात्री स्वीच चालू राहिला तर पहाटे गाडी ढकलावी लागेल.

परंतु खरी कठीण जागा विजेची नाही. ती उजव्या नळीची आहे. हँडलचा दांडा बहुधा २२ मिलिमीटर जाडीचा असतो. डावी मूठ त्यावर सरळ चढते. उजवी चढते ती नळीवर, म्हणून तिचे पोट मोठे असते. कारखान्याच्या प्लास्टिकच्या नळीवर रबर घसरू नये म्हणून बारीक कंगोरे असतात, आणि तापणाऱ्या मुठीचे पोट कठीण असल्याने ते कंगोरे कानशीने घासून काढावे लागतात. बाजारी नळी आली की सगळे माप बदलते. तिची बाहेरची जाडी निराळी, कडेची चकती निराळी, आणि ती अॅल्युमिनियमची असेल तर उष्णतेचाही हिशेब चुकतो. प्लास्टिक उष्णता अडवून हाताकडे ठेवते; अॅल्युमिनियम ती नळीभर पसरवून दांड्याकडे पाझरू देते. पोलादी दांड्यावर थेट बसलेली डावी मूठ उजवीपेक्षा गार लागते हा अनुभव जुना आहे. अॅल्युमिनियमच्या नळीने उजवीलाही काही अंशी त्याच पंक्तीला बसविले असे होते.

यात शर्यतीच्या गाड्यांवरून आलेल्या ‘झटपट’ थ्रॉटलची भर पडते. त्याचा ड्रम मोठा असतो. थोडी मूठ पिळली तरी तार जास्त ओढली जाते. सपाट रस्त्यावर याचे कौतुक वाटेल. पण मूठ तापविणाऱ्या वायरला मुठीबरोबर फिरावे लागते, आणि मूळ भागांच्या मापाने सोडलेले तिचे तोंड नव्या घरट्याच्या खिडकीशी जुळेलच असे नाही. ते ब्रेकच्या तरफेकडे आले, घरट्याच्या कडेला घासले, किंवा वायरला पुरेशी ढील उरली नाही, तर मूठ सोडल्यावर ती पूर्ण परतत नाही. परतीच्या स्प्रिंगचा जोर मोजकाच असतो. एका वायरचा पीळही त्याला पुरे पडतो. ज्या साधनाने ब्रेकचा एक सेकंद वाचवावयाचा, त्यानेच रेस अडकवून ठेवावी, असा हा प्रसंग. चिकटविण्याच्या द्रव्याविषयीही हेच. ते नळीच्या टोकाशी ओघळले तर नळी दांड्यालाच धरते. नळीचे टोक दांड्याच्या टोकाला टेकू न देता मध्ये किंचित फट ठेवण्याची कारागिरांची रीत आहे ती याचसाठी.

येथे इतिहासाच्या पद्धतीसंबंधी थोडे बोलणे अवश्य आहे. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी न लिहिता वापराच्या अंगाने लिहावा असा आग्रह धरला. डेव्हिड अर्नल्ड यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकयंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे भारतातील नित्याच्या यंत्रांचा विचार केला. मोटारसायकल मात्र अद्याप या पंक्तीत पुरेशी आलेली नाही. कारखान्याच्या उद्घाटनांची छायाचित्रे जपली जातात. कानशीने घासलेली नळी भंगारात जाते. वस्तुतः गाडी विकली गेल्यानंतरचे तिचे सारे आयुष्य अशा घासण्यात, जुळविण्यात आणि पर्यायी मालात जाते. ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ ही गॅरेजमधील तीन विशेषणे एका संपूर्ण अर्थव्यवस्थेची वर्गवारी आहेत, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून वाहनाचा सामाजिक इतिहास लिहिता येईल असे मला वाटत नाही. ‘फटफटी’ हे नावसुद्धा कोणा कारखानदाराने दिलेले नाही. रस्त्याकडेच्या कानांनी ते दिले.

कायद्याची बाजू अलीकडे कडक झाली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट ठामपणे मांडली. मुठीसारख्या जोडकामापर्यंत हा दंडक कितपत पोचतो हे विधिज्ञांनी ठरवावे. यंत्राची बाजूही बदलत आहे. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ नियमांमुळे कार्बोरेटर नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. काही गाड्यांवर तर तारही गेली: चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ३९० ड्यूकवर २०१७ पासून मुठीचे फिरणे विद्युत संवेदकाने मोजले जाते. अशा गाडीवर ड्रम बदलण्याचा प्रश्न उरत नाही. मुठीची नळी संवेदकाशी जुळली पाहिजे, एवढेच पाहावे लागते.

जुन्या, तारेच्या गाडीपुरती परीक्षा मात्र सोपी आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. काम संपल्यावर, इंजिन बंद असताना, हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवून मूठ पूर्ण पिळावी आणि सोडावी. मग उजवीकडे वळवून तसेच करावे. दोन्ही वेळा मूठ आपोआप टणकन मागे आली पाहिजे. मग इंजिन चालू करून हँडल दोन्हीकडे वळवावे. वळविताना रेस वाढली तर तार ताणली जात आहे असे समजावे. शेवटी मुठी तापवून सारे पुन्हा करून पाहावे, कारण गार असताना मोकळी फिरणारी नळी तापल्यावर फुगून दांड्याला घासू शकते.