महाभारत वाचायचे आहे? मग पहिल्या पानापासून सुरुवात करू नका

वर्धा : शहराला खेटून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे २५ डिसेंबर १९३२ रोजी राहावयास आले. त्याच वर्षी त्यांची 'गीताई' प्रसिद्ध झाली होती. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत वर्ध्यातच तिचे लेखन झाले होते. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत तूच का करीत नाहीस, असे आईने एकदा विचारले होते आणि ते विनोबांच्या मनात राहिले होते. नालवाडीजवळच गोपुरी येथे १९८० साली उभ्या राहिलेल्या गीताई मंदिराला ना छप्पर आहे, ना मूर्ती. तेथे शिलांवर कोरलेले अठरा अध्याय तेवढे उभे आहेत. या परिसरातील कित्येक घरांत गीताई तोंडपाठ असणारी माणसे आजही भेटतात.

मात्र गीतेचा अठरावा अध्याय संपल्यावर लगेच पुढच्या अध्यायात काय घडते, हा प्रश्न केला की बहुतेकांचे उत्तर थांबते. तेथे युधिष्ठिर अंगावरचे चिलखत उतरवितो, शस्त्रे खाली ठेवतो आणि दोन्ही सैन्यांच्या मधून पायी चालत थेट शत्रूकडे जाऊ लागतो. भाऊ गोंधळतात, कौरवसैन्यात तो भ्याला अशी कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात तो भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांच्या पाया पडून युद्धाची अनुज्ञा मागावयास गेलेला असतो. परत येताना तो मोठ्याने विचारतो, आमच्या बाजूस कोणी येणार आहे काय? आणि धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सु कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे येतो. गीतेपासून अवघ्या एका पानाच्या अंतरावर असलेला हा प्रसंग गीता पाठ असणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. याचे कारण साधे आहे. महाभारत आपल्या परिचयाचे असते, पण ते आपण वाचलेले नसते.

वाचावे असे अनेकांना वाटते. संच विकत घेतलाही जातो. आदिपर्वाची पहिली शंभर पाने होतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. घरात महाभारत ठेवले की भांडणे होतात, ही जुनी समजूत त्याला आयतेच निमित्त पुरविते. (भांडणे महाभारत नसलेल्या घरांतही होतात, हा अनुभव मात्र कोणी सांगत नाही.)

दीर्घ ग्रंथांना वाचक नाही, असेही नव्हे. टोल्किनचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे मराठीत आले. रॉबर्ट जॉर्डनची १९९० साली सुरू झालेली 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका लेखकाच्या २००७ मधील मृत्यूनंतर ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ साली चौदाव्या खंडात पूर्ण केली. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला आणि पुढच्या खंडाची वाट वाचक अजून पाहत आहेत. हे खंड संपविणाऱ्या तरुण वाचकाला नकाशे, वंशावळी आणि शेकडो पात्रे यांचे भय राहिलेले नसते. महाभारताला अद्भुतकथांच्या रांगेत बसविणे अनेकांना रुचणार नाही, आणि परंपरेने त्याला 'इतिहास' म्हटले आहे हेही खरे. परंतु लांबलचक, गुंतागुंतीचा ग्रंथ नव्याने हाती घेणाऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच असते.

पहिली शंभर पाने का अडतात?

ग्रंथ ज्या क्रमाने रचला आहे, तो नव्या वाचकाच्या सोयीचा नाही. नैमिषारण्यात सौती उग्रश्रवा शौनकादी ऋषींना कथा सांगतो. ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाकडून ऐकलेली असते. वैशंपायनाला ती व्यासांकडून मिळालेली, आणि युद्धाचा भाग तर संजय धृतराष्ट्राला सांगत असतो. म्हणजे एका वेळी तीन-चार निवेदक. त्यातच आरंभी अठराही पर्वांची जंत्री येते, मग उत्तंकाची कथा, भृगुवंशाची कथा, नागांची व गरुडाची कथा, आस्तिकाची कथा. पन्नासांहून अधिक अध्याय उलटले तरी कौरव-पांडवांची सलग कथा हाती लागत नाही. हा सारा भाग निरर्थक नाही. सर्पसत्रातील सूड आणि कुरुक्षेत्रावरील सूड यांचे नाते पुढे लक्षात येते. पण ते पुढे, पहिल्या वाचनात नव्हे.

म्हणून आमचे मत असे की, सुरुवात सभापर्वातून करावी. तेथेही आरंभीचा नारदाचा राजनीतीचा दीर्घ प्रश्नोपदेश वरवर चाळावा आणि जरासंधवध, राजसूय, शिशुपालवध व द्यूत एवढा भाग मन लावून वाचावा. मुख्य पात्रे आपल्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे मागची ओळख नसल्याने काही अडत नाही. आपल्या ऐकीव माहितीची पहिली परीक्षाही येथेच होते. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम व इतर भाऊ हसतात. नंतर धृतराष्ट्राकडे गाऱ्हाणे करताना दुर्योधन म्हणतो की, द्रौपदीही स्त्रियांसह हसली. पण आंधळ्याचा पुत्र आंधळा, हे सर्वतोमुखी झालेले वाक्य व्यासांच्या द्रौपदीच्या तोंडी नाही. द्यूतसभेतील तिचा प्रश्नही रडण्याचा नसून कायद्याचा आहे : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांना उत्तर देता येत नाही. धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याला गप्प बसवून पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे उतरवा, असे सांगणारा कर्ण असतो.

कर्णाविषयी मराठी माणूस हळवा आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून ही प्रतिमा घडविली, आणि कादंबरी म्हणून तिचे सामर्थ्य वादातीत आहे. मात्र तीत बोलणारी वृषाली व शोण ही पात्रे मूळ ग्रंथात त्या रूपात सापडत नाहीत. सभापर्वातील कर्ण वाचून धक्का बसला तर थेट उद्योगपर्वाकडे वळावे. तेथे कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि कर्ण राज्य नाकारतो. त्याच संभाषणात पांडवांना आपण पूर्वी जे कठोर बोललो त्याचा पश्चात्ताप होतो, अशी कबुलीही तो देतो. दोन्ही पर्वे वाचल्यावर जो कर्ण दिसतो तो कादंबरीतील कर्णाहून अधिक अवघड आहे, आणि आम्हास तरी अधिक मोठा वाटतो.

नावांचा घोळ

नव्या वाचकाला सर्वांत जास्त थकविणारी गोष्ट म्हणजे नावे. पार्थ, धनंजय, फाल्गुन, किरीटी, सव्यसाची, बीभत्सु हा सर्व एकटा अर्जुन. 'कृष्ण' हेही अर्जुनाच्या नावांपैकी एक. व्यास हे कृष्ण द्वैपायन. द्रौपदी ही कृष्णा. 'कौरव' किंवा 'भारत' या संबोधनाने पांडवांनाही हाक मारली जाते, कारण कुळ एकच. यावर ग्रंथातच एक उपाय आहे. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन भेदरलेल्या राजपुत्र उत्तराला आपली दहा नावे अर्थासह समजावून सांगतो. हा भाग लवकर वाचून घ्यावा. शेजारी एक साधी वही ठेवून त्यात वंशावळ काढावी, तीही शंतनूपासून पुढे. त्यामागची नावे पहिल्या वेळी सोडून दिली तरी चालतात. एरवीही विराटपर्व आटोपशीर आणि बरेचसे हलकेफुलके आहे. दमलेल्या वाचकाने तेथे विसावा घ्यावा.

वनपर्व मोठे आहे, पण ते सलग वाचण्याची सक्ती नाही. नल-दमयंती, सावित्री, ऋष्यशृंग आणि रामकथाही तेथे स्वतंत्र गोष्टींसारख्या वाचता येतात.

युद्धपर्वांत वेगळीच अडचण येते. बाणांचे पाऊस, तुटलेली धनुष्ये, मेलेले सारथी यांची वर्णने पुनःपुन्हा येतात. मात्र निवेदनाची एक युक्ती ध्यानात घेतली की वाचन सोपे होते. संजय रणांगणावरून येतो आणि सेनापती पडल्याची वार्ता धृतराष्ट्राला आधीच सांगून टाकतो. भीष्म पडले हे कळल्यानंतर त्यांच्या दहा दिवसांच्या युद्धाची हकिगत येते. द्रोणांचे पाच दिवस, कर्णाचे दोन, शल्याचा एक, यांतही तसेच. शेवट ठाऊक असतो, आणि 'कसे घडले' एवढेच आंधळा बाप विचारत राहतो. पहिल्या वाचनात अभिमन्यू, जयद्रथ, घटोत्कच, द्रोण व कर्ण यांचे वध वाचून मधली पाने उलटली तर त्यात पाप नाही. पण सौप्तिकपर्व मात्र एक ओळही न गाळता वाचावे. युद्ध संपल्यानंतरच्या रात्री अश्वत्थाम्याने झोपलेल्या छावणीत केलेली कत्तल, आणि पाठोपाठ स्त्रीपर्वात रणभूमीवर प्रेते ओळखत फिरणाऱ्या बायका व कृष्णाला शाप देणारी गांधारी, यांच्यापुढे दूरदर्शनवरील १९८८ ते १९९० मधील मालिका फारच सौम्य वाटते.

त्यानंतर येते शांतिपर्व, सर्वांत मोठे पर्व. शरपंजरी भीष्म राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म सांगतात आणि ते पुढे अनुशासनपर्वातही चालूच राहते. उरलेले वाचक बहुधा येथे गळतात. येथे निवड करावीच लागते. आपद्धर्मातील पलित उंदीर आणि लोमश मांजर यांच्या तात्पुरत्या मैत्रीची गोष्ट वाचावी. दुष्काळात चांडाळाच्या घरी कुत्र्याचे मांस चोरावयास गेलेल्या विश्वामित्राची कथाही वाचावी. धर्म म्हणजे ठराविक नियमांची यादी, ही कल्पना घेऊन आलेला वाचक त्या कथांनंतर जरा विचारात पडतो.

कोणती प्रत घ्यावी?

मराठीत सबंध ग्रंथासाठी आजही पुण्याच्या चिपळूणकर आणि मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या 'श्रीमन्महाभारताचे मराठी सुरस भाषांतर' या खंडांकडेच वळावे लागते. भाषा जुन्या वळणाची आहे, पण आठवडाभरात कान सरावतो. त्याला जोडून चिंतामण विनायक वैद्य यांनी लिहिलेला उपसंहार शेवटी वाचावा. संस्कृत व हिंदी समोरासमोर हवे असेल तर गीता प्रेसचे सहा खंड आहेत.

या जुन्या भाषांतरांचा पाठ आणि चिकित्सक आवृत्तीचा पाठ यांत फरक आहे, हे मात्र लक्षात असू द्यावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ साली ते पुरे झाले. देशभरातील बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळून ठरविलेल्या या संहितेत अठरा पर्वांचे मिळून सुमारे ७४ हजार श्लोक उरतात. लेखनिक गणपतीची कथा तीत परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णधावा मूळ पाठात नाही, आणि स्वयंवरात सूताला वरणार नाही हे तिचे उद्गारही नाहीत. विबेक देबरॉय यांचे २०१० ते २०१४ या काळात आलेले दहा खंडांचे इंग्रजी भाषांतर या संहितेवर आधारलेले आहे. किसारी मोहन गांगुली यांचे १८८३ ते १८९६ मधील इंग्रजी भाषांतर त्याआधीच्या प्रचलित पाठाचे आहे. दोन वाचक महाभारतात 'हे आहे' आणि 'हे नाही' असे हमरीतुमरीवर येतात, तेव्हा पुष्कळदा दोघेही आपापल्या प्रतीनुसार खरे बोलत असतात.

महाभारतावरील मराठी पुस्तके आधी वाचावीत की नंतर, असेही विचारले जाते. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आधी चालेल. चिकित्सक आवृत्ती पुढे ठेवून लिहिलेले हे छोटे पुस्तक एकेका व्यक्तिरेखेकडे कसे पाहावे ते शिकविते. दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' आणि नरहर कुरुंदकरांचे 'व्यासांचे शिल्प' मूळ ग्रंथ निम्मा तरी झाल्यावर घ्यावे, त्यांचा आनंद तेव्हा दुपटीने मिळतो. खांडेकरांची 'ययाति', 'मृत्युंजय', रणजित देसाईंचे 'राधेय' या कादंबऱ्या आधी वाचलेल्या असतातच. त्या वाचून झाल्या आहेत हे मूळ ग्रंथ उघडताना विसरता आले, तर उत्तम.

सभा, उद्योग, विराट, सौप्तिक व स्त्री ही पर्वे झाली की मग आदिपर्वाकडे परतावे. या वेळी गरुड आणि नाग परके वाटत नाहीत. रोज एक तास दिला तर हा पहिला फेरा काही महिन्यांत पुरा होण्यास हरकत नाही. शेवटची मौसल, महाप्रस्थानिक आणि स्वर्गारोहण ही पर्वे अगदी लहान आहेत. महाप्रस्थानिक तर अवघ्या तीन अध्यायांचे आहे. ती सलग दोन-तीन संध्याकाळी वाचावीत, आणि शक्य असल्यास घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावीत. गीताई ज्यांना पाठ आहे अशा घरांत तर भीष्मपर्व उघडून गीतेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक अध्याय वाचण्यापासून आजच आरंभ करता येईल.